खुराड्यातली ओल कुठून येते?



कोंबडीपालनाच्या कामाला हातभार लावणाऱ्या काही वाचकांनी यंदा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. पिल्लांचे वाटप तुम्ही जूनमध्ये का करत नाही? शाळा उघडतात, पेरणी सुरू होते, घरात पैशाची ओढाताण असते. मग कुटुंबांना दसऱ्यापर्यंत थांबायला का लावता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे थोडक्यात उत्तर असे की कोरडे खुराडे तयार नसेल तर जूनमध्ये दिलेले पिल्लू बहुतेक वेळा ऑगस्ट बघत नाही. पण हे पटायचे तर खुराड्यात ओल येते कुठून आणि ती घालवायची कशी, हे जरा सविस्तर सांगायला हवे. पाड्यापाड्यांवर फिरताना, खुराड्यांत डोकावताना जे दिसले ते इथे मांडते.

आमचे हे काम पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत चालते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी इथली वस्ती. भात, नाचणी आणि वरई ही पिके. वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. याच ४ महिन्यांत घरातले धान्य तळाला जाते. लावणी आटोपली की मजुरीही नसते. अशा वेळी पोराला ताप आला, वह्या घ्यायच्या झाल्या, तेल-मीठ संपले, की बाई एक कोंबडी काखेत मारते आणि बाजाराची वाट धरते. शेत नवऱ्याच्या नावावर असते, बैलही त्याचेच. कोंबड्या मात्र तिच्या. त्या विकायला तिला कोणाला विचारावे लागत नाही. म्हणून श्रावणात खुराड्यातल्या ८ कोंबड्या मेल्या तर ते नुसते ८ पक्ष्यांचे नुकसान नसते. तिच्या हातात असलेला तेवढाच पैसा जातो, आणि नेमका गरजेच्या महिन्यांत.

आता ओलीकडे वळते. बहुतेकांची समजूत अशी की ओल म्हणजे वरून येणारा पाऊस. छप्पर गळते, झड आत येते, म्हणून खुराडे भिजते. हे खरे आहे, पण अर्धेच. दुसरी ओल खुराड्याच्या आतच तयार होते, आणि ती कोंबड्याच तयार करतात. मोठी कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते. म्हणजे १० कोंबड्यांच्या पोटात रोज दोन-अडीच लिटर पाणी जाते. त्यातले बहुतेक श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर येते. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. तिच्या ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असते. उन्हाळ्यात कोंबड्या दिवसभर बाहेर असतात, ही सगळी ओल परसात सांडते आणि वाळून जाते. पावसाच्या संततधारेत त्या दोन-दोन दिवस आतच बसून राहतात. मग तीच ओल त्यांच्या पायाखाली साचते.

अशा वेळी माणूस काय करतो? बाजारातून निळी ताडपत्री आणतो आणि खुराडे चारही बाजूंनी गुंडाळून टाकतो. पाऊस अडतो, हे खरे. पण आतली वाफही अडते. सकाळी ताडपत्री उचलली की आतून थेंब ओघळत असतात आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. इतक्या प्रेमाने झाकलेल्या कोंबड्या डोळे मिटून, पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेल्या असतात. लोक म्हणतात, "थंडीने आजारी पडल्या." माझ्या मते पावसाळ्यातल्या कोंबड्यांना थंडीपेक्षा कोंडलेली ओल अधिक मारते.

तो झोंबणारा वास अमोनियाचा. विष्ठा ओली राहिली की जंतू तिच्यातून हा वायू सोडतात. ती पटकन वाळली तर तो फारसा सुटत नाही. माणूस खुराड्याबाहेर उभा राहून वास घेतो आणि म्हणतो, काही नाही. कोंबडीचे नाक मात्र जमिनीपासून वीतभर अंतरावर असते. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, उकिडवी बस, डोके आत घाल आणि मग वास घे. तुझ्या डोळ्यांत पाणी आले तर तिच्या डोळ्यांचे काय होत असेल? या वायूने कोंबडीचे डोळे सुजतात, श्वासनलिकेतले कफ बाहेर टाकणारे बारीक केस निकामी होतात आणि मग सर्दी-घरघरीचा कोणताही रोग सहज आत शिरतो.

दुसरा धोका रक्ती हगवणीचा. हिचे सूक्ष्म परजीवी कोंबडीच्या विष्ठेतून बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ते रोग देऊ शकत नाहीत. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात. मग पिल्लू तिथेच चोच मारते आणि ते त्याच्या पोटात जातात. जमीन कोरडी असेल तर ही साखळी मध्येच तुटते. ३ ते ८ आठवड्यांची पिल्ले या रोगाने सर्वांत जास्त मरतात, आणि जूनमध्ये वाटलेली पिल्ले भर पावसात नेमकी याच वयाची असतात. दसऱ्याचे उत्तर मुख्यतः हेच.

जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. कुडाच्या घरात कोंबड्या रात्री घरातच असत. चुलीजवळच्या कोपऱ्यात डालग्याखाली त्यांची जागा ठरलेली. चुलीची ऊब आणि धूर यांनी तो कोपरा भर आषाढातही कोरडा राही आणि कारवीच्या कुडातून हवा खेळती राही. मला तरी ही व्यवस्था विकत आणलेल्या पुष्कळ लोखंडी पिंजऱ्यांपेक्षा बरी वाटते. आता अनेक कुटुंबांना पक्की घरकुले मिळाली, खाली फरशी आली, काही ठिकाणी गॅस आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोंबड्या घराबाहेर गेल्या, आणि चुलीने जे काम फुकट केले होते ते आता खुराड्याच्या बांधणीने करायला हवे.

बांधणीत सर्वांत आधी जागा बघायची. घराच्या वळचणीला खुराडे टेकवायची फार सवय असते, कारण एक भिंत वाचते. पण घराच्या छपराच्या पागोळ्या नेमक्या खुराड्यावर पडतात. या पाण्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगते. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. १० कोंबड्यांच्या लहानशा खुराड्याचे छप्पर बाहेर आलेल्या कडा धरून साडेपाच चौरस मीटर असेल, तर १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी, आणि असे दिवस इथे जुलैत नवलाईचे नाहीत, त्या एवढ्याशा छपरावरून ५५० लिटर पाणी खाली येते. म्हणजे ३५ हंड्यांच्या आसपास. घराच्या छपराचे तर विचारूच नका. हे सगळे पाणी कुठे पडते आणि पडल्यावर कुठे जाते, हे ठरवल्याशिवाय पहिला खांब रोवू नये. उंचवट्याची जागा घ्यावी, डोंगराकडच्या बाजूने वीतभर खोल चर खणून पाणी बाजूला काढावे आणि छपराचा उतार असा द्यावा की पागोळ्या चरात किंवा खालच्या अंगाला पडतील.

आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण या बाजू कारवीच्या कुडाने शेणमातीचा लेप देऊन बंद करायच्या, दार पूर्वेला ठेवायचे. सकाळचे कोवळे ऊन, जेव्हा असेल तेव्हा, थेट आत जाते. छप्पर पूर्वेला उंच आणि पश्चिमेला दीड फूट खाली ठेवले की झड आपोआप अंगावरून जाते. चारही बाजूंना छपराची कड निदान दीड फूट बाहेर यायला हवी. इथे हात आखडता घेतात, कारण पत्रा महाग. पण भिंतीला आखूड छप्पर म्हणजे इरले घरी ठेवून लावणीला जाणे.

पत्र्याचा आणखी एक स्वभाव आहे. रात्री तो गार पडतो आणि कोंबड्यांच्या श्वासातली वाफ त्याला खालून चिकटून थेंब होऊन टपकते. छप्पर कुठेही गळत नसताना आतला पेंढा ओला का, म्हणून घरधनी पत्र्यावर भोक शोधत बसतो. पत्र्याखाली भाताच्या पेंढ्याचा किंवा कारवीच्या काड्यांचा थर बांधला की हे बरेच थांबते. बाकीचे काम हवेने करायचे असते. छपराच्या लगत, भिंतीच्या माथ्यावर, चहूबाजूंनी हातभर जागा उघडी ठेवून तिला बारीक जाळी लावायची.

यावर पाड्यावर हमखास वाद होतो. "ताई, वरून वारा येईल, गारठतील ना त्या!" असे एक आजी मला दर वर्षी म्हणतात, आणि दर वर्षी मी त्यांच्याबरोबर खुराड्यासमोर बसते. कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी आहे. ती कोरडी असेल तर जव्हारचा गारठा कोंबडीला काही करत नाही. वारा तिच्या अंगावरून, पायांच्या पातळीवर सरळ वाहिला तर त्रास होतो; तो डोक्यावरून गेला तर वाफ घेऊन जातो. म्हणून खालचा भाग बंद आणि वरचा उघडा. झडीच्या दिवसांत पडदा लावायचाच असेल तर तो खालून बांधून वर न्यायचा आणि माथ्याला वीतभर मोकळे सोडायचे. आपल्याकडे बहुतेक जण वरून पडदा सोडतात आणि खाली फट ठेवतात. बरोबर उलटे. जाता जाता सांगते, मेळावे आणि उपासना संपल्यावर गुंडाळून ठेवलेले मंडळ्यांचे जुने फ्लेक्स या पडद्यांना फार उत्तम. मोखाड्यातल्या एका खुराड्यावर मागच्या वर्षीच्या नाताळाच्या शुभेच्छा अजून झळकत आहेत.

तळ जमिनीला टेकू देऊ नये. चार खांबांवर दोन-अडीच फूट उंच माच करून त्यावर बांबूच्या कामट्या अंगठाभर फट ठेवून बसवल्या की विष्ठा खाली पडते, कोंबडी वर राहते. विष्ठा आणि पाय यांची गाठ पडत नाही, म्हणून ओल, वास आणि हगवण तिन्ही एकदम कमी होतात. कामट्यांच्या गाठी तासून घ्याव्यात. वनराजा किंवा गिरिराज जातीची कोंबडी गावठीपेक्षा वजनदार असते, तिच्या तळव्याला जखम लवकर होते. खांबाचे पुरायचे टोक आधी विस्तवावर काळे पडेपर्यंत भाजले की वाळवी उशिरा लागते. माचाखालच्या जागेला जाळी किंवा काट्यांचे कुंपण हवे, नाहीतर कोंबड्या दिवसा तिथेच जाऊन त्या ओल्या ढिगात चोच मारत बसतात. आठवड्याला हा ढीग ओढून खतखड्ड्यात टाकायचा आणि जागेवर राख भुरभुरायची. त्या खतावर परसातली वेलवांगी काय माजतात!

माच करणे जमले नाही, तर मुरूम आणि दगड घालून फूटभर उंच जोते करावे आणि त्यावर भाताच्या तुसाची ३-४ इंचांची गादी घालावी. तूस ओल शोषून घेते, पण त्याचीही मर्यादा असते. गादी चांगली आहे की नाही हे ओळखायला मूठभर तूस घट्ट दाबून बघावे. हात उघडल्यावर ते मोकळे सुटले तर ठीक. लाडू तसाच राहिला तर गादी ओली झाली. मग कोंबड्या बाहेर काढून गादी दाताळ्याने वरखाली करायची, गोळा झालेला भाग काढून टाकायचा आणि कोरडे तूस घालायचे. विरलेला चुना थोडा मिसळला तर चालतो. मात्र चुन्याने आतला अमोनिया एकदम उठतो, म्हणून हे काम दार सताड उघडून करावे आणि वास गेल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नयेत. कळीचा चुना कधीही नाही. तो पाय भाजतो.

पण जुलैत कोरडे तूस आणायचे कुठून? हा प्रश्न जुलैत सुटत नाही. भात झोडून झाले, गिरणीवर तुसाचे ढीग लागले, की त्याच दिवसांत ३-४ पोती भरून माळ्यावर टाकायची. राखही तशीच. उन्हाळाभर चुलीची राख डब्यात साठवावी. पावसाळ्यात कोंबड्यांना धुळीत लोळायला मिळत नाही आणि अंगावर उवा वाढतात. वळचणीखाली एका जुन्या घमेल्यात राख आणि कोरडी माती ठेवली की त्या स्वतःच लोळून घेतात.

पाण्याचे भांडे आत ठेवले तर वरची सगळी मेहनत एका दिवसात वाया जाते. कोंबडी पिता पिता सांडते, पिल्ले भांड्यात उभी राहतात. भांडे दाराशी, विटेवर, कोंबडीच्या पाठीइतके उंच ठेवावे. आणि दाणा. ओला झालेला मका किंवा पेंड यांवर बुरशी धरते, तिचे विष कोंबडीचे यकृत खराब करते आणि भाजून किंवा शिजवून ते जात नाही. माणसाला नको झालेला काळा पडलेला दाणा "कोंबडीला चालतो" असे म्हणून टाकला जातो. चालत नाही. झाकणाच्या डब्यात, आठ दिवस पुरेल इतकाच दाणा ठेवावा.

पिल्लांना यातले काहीच लागू नाही, कारण त्यांना पिसेच नसतात. पहिले ३-४ आठवडे पिल्लू स्वतःची ऊब धरू शकत नाही. ते भिजले आणि वारा लागला की काही तासांत मान टाकते. पावसाळ्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलीच तर तिला आणि तिच्या पिल्लांना घरातच, चुलीच्या कोपऱ्यात, जुन्या पद्धतीने डालग्याखाली ठेवावे. फरशी असली तरी पोते अंथरून.

एक गोष्ट मात्र खुराड्याच्या भरवशावर सोडू नये. मानमोडीची साथ कोरड्या खुराड्यातही येते, आणि आली की अख्खा पाडा रिकामा करते. तिला लस हाच उपाय: पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा थेंब आणि ६ ते ८ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीख ठरवून सगळ्या पाड्याच्या कोंबड्यांना एकाच दिवशी टोचून घेतले तर लस वाया जात नाही. एकदा बाटली उघडली की ती लगेच संपवावी लागते.

दसऱ्याच्या वाटपालाही एक अडचण आहे, ती लपवत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि शहरांच्या बांधकामांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मग पिल्ले सांभाळायची कोणी? म्हणून ज्या घरात आजी किंवा मोठी सून मागे राहणार आहे, तिथेच आम्ही पिल्ले देतो, आणि देण्यापूर्वी खुराडे बघतो. जी कुटुंबे अख्खी जातात त्यांना ती परतल्यावर आधी माच आणि छप्पर उभारायला मदत करतो. पिल्ले पुढच्या दसऱ्याला. यामुळे फोटोत काही महिने नुसताच पत्रा आणि बांबू दिसतो, गोजिरवाणी पिल्ले दिसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी पिल्लांसाठी म्हणून दिलेल्या देणगीतला काही भाग पत्र्याला वापरायची परवानगी तुम्ही कळवलीत तर कामाला मोठा आधार होईल. जुने फ्लेक्सही पाठवा. फाटके नसले म्हणजे झाले.

वसईच्या वाडीतून एका वाचक भगिनीने विचारले आहे की त्यांच्या परसातल्या सिमेंटच्या खुराड्याला यातले काय लागू पडेल. जवळजवळ सगळेच. फक्त सिमेंटचा कोबा गार असतो आणि ओल वर धरून ठेवतो, म्हणून त्यावर तुसाची गादी जाड हवी, किंवा आत लाकडी फळ्यांचा माच घालावा. खिडकी असेल तर ती माथ्याजवळ आहे का, तेवढे बघा.

सप्टेंबर सरताना पहिले कडक ऊन पडले की खुराडे सगळे मोकळे करावे. गादी, पेंढा, पडदे बाहेर काढावेत, कामट्या उन्हात टाकाव्यात, भिंतींना आतून चुन्याचा हात द्यावा आणि दोन दिवस दार उघडे ठेवून ते तसेच वाळू द्यावे. जुनी गादी थेट झाडांच्या मुळाशी घालू नका. आधी खड्ड्यात कुजू द्या. खांब हलवून बघा, वाळवी लागली असेल तर आत्ताच बदला. बांबू तोडायचा तो पाऊस गेल्यावर, थंडीत. तेव्हा तोडलेल्याला पोखरकिडा कमी लागतो, आणि मृग लागेपर्यंत तो चांगला वाळलेला असतो.